खिशातून कानापर्यंत

मालेगाव,
मंगळवार, ता. ११ मार्च १९७५

प्रिय पंचफुला,

सप्रेम जयभीम. लग्नाआधी मुलानं मुलीला पत्र धाडणं आपल्याकडं बरं दिसत नाही, हे मला माहीत आहे. दौलतरावमामाला कळलं तर तो माझी चांगली खरडपट्टी काढील, आणि तुझे बाबा काय म्हणतील याचा विचार मी मुद्दामच करत नाही. पण एक गोष्ट अशी आहे की ती तुला माझ्याकडूनच कळली पाहिजे, आणि बुद्धपौर्णिमेला आपण मांडवात उभे राहण्याच्या आत कळली पाहिजे. ती वाचून झाल्यावर लग्न ठेवायचं की मोडायचं ते तू ठरव. दुसऱ्या कोणाला ठरवू देऊ नको. तुझी चतुराआत्या कालपासून इथं मालेगावात मुक्कामाला आहे, हे पत्र तिच्याच हाती देतो आहे. तिला वाचता येत नाही, म्हणून तर तिच्यावर एवढा भरवसा. सोबत एक पुडकं आहे, ते पत्र संपल्याशिवाय सोडू नको. मी तुझ्या जागी असतो तर आधी पुडकंच सोडलं असतं, पण सांगायचं काम मी केलं.

सुरुवात रेडिओपासून करतो, कारण सगळा घोळ त्याचाच आहे. माझं दुकान म्हणजे गोविंदसिंगच्या किराणा दुकानाचा ओटा. एक मशीन, एक स्टूल आणि मी. दिवसभर पाय मशीनवर, डोळे कपड्यावर, कान तेवढे बिनकामाचे. म्हणून मागच्या दिवाळीच्या शिलाईतून एक ट्रान्झिस्टर घेतला, शर्टाच्या खिशात मावेल एवढासा. नागपूर केंद्र लागलं की माझी टीप सरळ येते आणि बंद पडलं की वाकडी जाते. थट्टा नाही करत, गिऱ्हाइकांना विचार. पण गोविंदसिंगला हिशेबाला शांतता लागते. थोडे दिवस त्यानं सोसलं, मग एक दिवस ओट्यावर येऊन म्हणाला, इंद्रभान, तुझं गाणं ऐकून राह्यलो अन् तुरीच्या डाळीले साखरेचा भाव लावून राह्यलो, एक तर हे बंद कर नाही तर माझा ओटा खाली कर. त्याचंही काही चूक नव्हतं. ओटा सोडणं परवडणारं नव्हतं आणि गाणं सोडणं जमणारं नव्हतं. तेव्हा कोणीतरी सांगितलं की वाशीमला कानात घालायचं एक बटणासारखं काहीतरी मिळतं, त्याची वायर रेडिओत खुपसली की आवाज फक्त आपल्याच कानात येतो, बाहेर चिटपाखराला कळत नाही. इअरफोन म्हणतात त्याला. मी आपलं कानातलं बटण म्हणतो, टेलरच पडलो मी.

तेव्हा मी दुकानातलं सगळ्यात स्वस्त बटण उचलून आणलं. गाणारी बाई पडसं झाल्यासारखी नाकात गायची, पण गायची तर खरं. ते कानात नीट बसत नव्हतं, म्हणून त्याला मऊ कापडाची एक इवलीशी टोपी शिवली. वायर मशीनच्या चाकात जायची भीती होती, म्हणून शर्टाला आतल्या बाजूनं एक चोरखिसा लावला, वर एक काज केलं, काजातून वायर काढली आणि कॉलरच्या आतून थेट कानापाशी नेली. बाहेरून पाहणाऱ्याला खिशाचा फुगवटा आणि कानाजवळची वितभर वायर, एवढंच दिसायचं. असं काम अकोल्याच्या टेलरलाही जमणार नाही, असं मी गावभर सांगत सुटलो होतो. तोच शर्ट मला नडला, पंचफुला.

तुला बघायला आलो त्या दिवशी अंगात तोच होता, कारण माझ्याकडं त्याच्याहून चांगला शर्ट नाही. एस्टीत मालेगावपासून गाणी ऐकत आलो. मंगरूळच्या अलीकडंच सेल संपले आणि रेडिओ मुका झाला. मामा शेजारी बसून मुलीला काय विचारायचं आणि काय नाही विचारायचं ते शिकवत होता, त्यात कानातलं बटण काढायचं राहूनच गेलं. गळ्यात टेप तशीच ठेवून जेवायला बसणारा माणूस मी, कानातल्या बटणाची आठवण मला कुठून राहणार! तसाच तुमच्या ओसरीवर येऊन बसलो.

भिवाजीबाबा, म्हणजे तुझे वडील, माझ्या उजव्या हाताला बसले आणि बटण नेमकं उजव्या कानात. त्यांनी काहीतरी विचारलं, मला ते धड ऐकूच आलं नाही. मी म्हणालो, हं? काय म्हणता जी? त्यांनी माझ्या कानाकडं पाहिलं, मग खिशाकडं पाहिलं, आणि मग एवढ्या मोठ्यानं बोलले की अंगणातली गाय उठून उभी राहिली. मला वाटलं, शेतकरी माणूस, शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर हाका मारायची सवय असेल. आपण पाहुणे, घरच्यांच्या रीतीनं वागावं, म्हणून मीही तेवढ्याच जोरात उत्तर दिलं. मग मामानं आवाज चढवला, कारण मामा बोलण्यात कोणाला हार जात नाही. पोहे येईपर्यंत आम्ही तिघं नुसते ओरडत होतो. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटलं असेल, लग्न जुळायच्या आधीच मानपानावरून जुंपली.

मग तू आलीस. याआधी मी दोन मुली पाहिल्या होत्या आणि दोघींच्या भांगाशिवाय मला काही दिसलं नव्हतं, इतक्या त्या मान खाली घालून बसल्या होत्या. तू ताटली ठेवलीस, समोर बसलीस, आणि मी बोलत होतो तोवर सरळ माझ्या तोंडाकडं बघत राहिलीस. पापणीसुद्धा हलवली नाहीस. किती शिकली म्हणून विचारलं तर म्हणालीस, चौथी, पण पेपर रोज वाचते, आणि हसलीस. माझी जी काही शिलाई होती ती तिथंच उसवली. परत येताना मामा म्हणाला, पोरगी जरा धीटच दिसते बापा, डोळे खाली करत नाही. मी म्हणालो, मामा, मले हीच पाह्यजे, माझं आजपर्यंत कोणी एवढं मन लावून ऐकलं नाही. साखरपुडा झाला तेव्हाही मी तुझ्याकडंच बघत होतो, तू ते पाहिलंस की नाही कोण जाणे. त्या दिवशी मामानं त्याचा कोट मला जबरदस्तीनं घातला होता, काखेत एवढा तंग की हात वर करायची सोय नव्हती. रेडिओ घरीच राहिला.

आता कालची गोष्ट. तुझी चतुराआत्या बाजाराला मालेगावला आली आणि तुझ्या लग्नाच्या ब्लाउजचं पांढरं कापड घेऊन माझ्या ओट्यावर आली. मी मशीनवर होतो, बटण कानात. ती थेट माझ्या कानाशी वाकली आणि ओरडली, कापड आणलं बाप्पा, पोरीच्या अंगावर नीट बसलं पाह्यजे! मी दचकून सुई बोटात घालून घेतली. मग ती स्टुलावर बसली आणि मोठ्यानं बोलत राहिली. म्हणाली, देवानं नाही तर नशिबानं म्हण, पण जोडा चांगला जमवला, दोघायचं दुखणं एकच, एकमेकाले सांभाळून घेसान. मला काही उमजेना. मी नुसता तिच्याकडं बघत राहिलो. तिला वाटलं याला ऐकू आलं नाही, म्हणून तिनं पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं, आणखी जोरात. गोविंदसिंगचा हिशेब थांबला. तो दारात येऊन उभा राहिला.

अशा रीतीनं मला कळलं की शाळेत असताना तुला गोवर झाला आणि त्यात तुझे कान गेले, म्हणजे पार गेले नाहीत, पण जवळून मोठ्यानं बोललं तरच येतं. गुरुजींचं ऐकू येईना म्हणून तू चौथीनंतर घरी बसलीस. तुमच्या घरात सगळे मोठ्यानं बोलतात ते त्यामुळं. आणि माझ्या खिशातला फुगवटा आणि कानातली वायर पाहून तुमच्या घरानं समजून घेतलं की मुलाच्याही कानाला यंत्र आहे, वाशीमच्या कोर्टातल्या त्या म्हाताऱ्या कारकुनाच्या कानाला असतं तसलं. मुलाचं दिसतंच आहे, मुलीचं त्यांनाही दिसलं असेल, मग उगाच तोंडानं कशाला काढायचं, असं म्हणून भिवाजीबाबा गप्प राहिले. त्यांना दोष देऊ नको. माझ्या मामाला तर काहीच दिसलं नाही, त्याच्याशी सगळं जग ओरडूनच बोलतं.

आत्यानं आणखी एक सांगितलं, आणि त्यासाठीच मी एवढं लांबण लावलं आहे. याआधी दोन ठिकाणचे लोक तुझ्या कानाचं कळल्यावर उठून गेले. तिसऱ्यांदा तू म्हणालीस, आता मले दाखवू नका. मग मी आलो. त्या दिवशी तू आत्याला म्हणालीस म्हणे, या माणसासमोर मले लाजा लागणार नाही, त्यालेबी दोनदा इचारा लागते. साखरपुड्याला मी यंत्र न लावता आलो तेव्हा तुला वाटलं, चार लोकांत शरमेनं काढून ठेवलं, आणि त्याचं तुला दिवसभर वाईट वाटलं. मांडवात त्रिशरण-पंचशील सांगणाऱ्याच्या मागून म्हणायचं असतं, त्याचं ऐकू आलं नाही तर लोक हसतील, या धास्तीनं तू आधी लग्नालाच तयार नव्हतीस. आता म्हणतेस, दोघं मिळून चुकू. आत्या हे सांगताना हसत होती. मी मात्र कापड मोजायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

तर हे वाच, पंचफुला. माझे दोन्ही कान धड आहेत. खिशात रेडिओ होता, कानात गाणी होती, आणि तुमच्या ओसरीवर तर गाणीही नव्हती, संपलेले सेल होते. मी फसवलं नाही, पण तुझी फसगत झाली हे खरं आहे. तू ज्याला हो म्हणालीस तो माणूस मी नाही. आणि माझीही तीच गत झाली. मी समजत होतो तू माझ्याकडं बघतेस, तू तर माझ्या ओठांवरून शब्द वाचत होतीस. कालपासून मी स्वतःला विचारतो आहे की हे कळल्यानं माझं काही कमी झालं का. नाही झालं. शब्दांसाठी बघ, नाही तर आणखी कशासाठी बघ, पण बघत राहा, एवढंच मला वाटतं. माझं म्हणणं मी सांगितलं. तुझं मला माहीत नाही, आणि त्या धास्तीनं काल जेवण गेलं नाही.

आत्याला मी काही बोललो नाही. आधी तुला कळायला पाहिजे होतं. आज सकाळी ओटा बंद ठेवून, रेडिओ खिशात घालून वाशीमला गेलो, त्याच रेडिओच्या दुकानात. तुझ्यासाठी एक बटण घ्यायचं ठरवलं होतं. जवळून मोठ्यानं बोललेलं जर तुला येतं, तर कानाच्या आत बसून बोललेलं का येणार नाही? आता स्वस्त घ्यायचं की भारी, हा सवाल राहिला नव्हता. तुला कोणत्यानं ऐकू येईल हा सवाल होता, आणि तो तुझ्याविना सोडवायचा कसा? मग एक युक्ती सुचली. कापसाच्या मुलखात कापसाला काय तोटा. दोन्ही कानांत कापूस दाबून भरला, वरून मामाचा मफलर गुंडाळला, आणि त्या उन्हात दुकानदाराला म्हणालो, तुमच्याकडं असतील तेवढे सगळे दाखवा. त्यानं काय उत्तर दिलं ते मला माहीत नाही. त्याचे ओठ हलत होते, मी मान डोलावत होतो. तो हसला तसा मीही हसलो. मग त्यानं काहीतरी विचारलं आणि माझ्याकडं बघत थांबला, आणि मला काय बोलावं ते समजेना. दुकानात आणखी दोघं होते, तेही बघायला लागले. माझे कान तापले. कापूस काढून टाकावा असं वाटलं. मग वाटलं, पंचफुलाला कुठं काढता येतो? म्हणून नाही काढला.

पहिलं बटण माझ्यासारखंच, हलकं. कापसातून त्याचा काही पत्ताच लागला नाही. दुसरं परदेशी, छोट्या डबीत मखमलीवर ठेवलेलं, दुकानदार तेच पुढं करत होता. त्याचा आवाज फार गोड असणार, पण माझ्यापर्यंत मच्छरागत आला. आणखी एक-दोन असेच घालून पाहिले. मग त्यानं कंटाळून खालच्या खोक्यातून एक काळं, बोराएवढं जाड बटण काढलं. दिसायला अगदी ओबडधोबड, किंमत मधलीच, दोन ब्लाउजांच्या शिलाईत बसणारी. ते कापसावर दाबलं, रेडिओची आवाजाची चकती पूर्ण फिरवली, आणि पंचफुला, आतून एक बाई बोलली! कपाशीवरच्या बोंडअळीला कोणतं औषध कसं मारायचं ते सांगत होती. शब्द न् शब्द आला. गाणं ऐकून मी कधी एवढा खूश झालो नसेन तेवढा त्या बोंडअळीनं झालो. कापूस काढून उघड्या कानानं ऐकलं तर आवाज खरखरीत, बरणी घासावी तसा. दुकानदार म्हणाला, हे चांगलं नाही, गाण्याची मजा जाते. मी म्हणालो, हेच द्या.

आता पुडकं सोड. त्यात तो रेडिओ आहे, नवे सेल घातलेले, आणि ते काळं बटण आहे. कानाला टोचू नये म्हणून त्याला मी टोपी शिवली आहे. टोपीचं कापड माझ्या जुन्या शर्टाचं आहे, तुझ्या ब्लाउजच्या कापडाला मी अजून कात्री लावलेली नाही. बटण कानात बसव, वायरचं टोक रेडिओच्या भोकात घाल, वरची चकती हळूहळू फिरव. ज्या कानानं जास्त येतं त्या कानाला लाव, तो कोणता हे मला विचारायचंच राहिलं. ऐकू आलं तर फार बरं. नाही आलं तर माझी अक्कल कमी पडली असं समज, पण रेडिओ परत पाठवू नको. तो तुझा आहे, लग्न झालं तरी आणि नाही झालं तरी.

रविवारी मी मामाला घेऊन आसेगावला तुमच्या घरी येतो आहे, मांडवाचं ठरवायचं निमित्त आहे. तुला नको असेल तर आत्याला सांग, कारण देताना माझं नाव घे. टेलर लय बोलते म्हणावं, सगळ्यांना पटेल. आणि हवं असेल, तर ओसरीवर ये तेव्हा ते बटण कानात घालून ये. वायर पदराखाली लपवू नको. मांडवात त्रिशरण-पंचशील मी तुझ्याकडं तोंड करून म्हणीन, सावकाश, तू माझ्या ओठांकडं बघून म्हण, आणि एखादा शब्द राहिलाच, तर दोघं मिळून चुकू असं तूच म्हणाली आहेस, ते मी धरून बसलो आहे. तुमच्या घरचे, शेजारचे, सगळे तुझ्या कानाकडं बघतील. त्यांनी एकटीकडं बघू नये म्हणून मीही तोच शर्ट घालून येईन, माझं जुनं बटण कानात, वायर काजातून आत. बघणारे दोघांनाही बहिरं म्हणतील, म्हणू दे. रेडिओ तर तुझ्यापाशी आहे, तेव्हा माझा खिसा रिकामा असेल, पण ते आपल्या दोघांनाच माहीत.

'तुझाच' लिहायला हात शिवशिवतो आहे. तो शब्द रविवारपर्यंत राखून ठेवतो.

इंद्रभान